ताईबाई आणि अर्ध्या पोटाची मशिनं

लेकीच्या लग्नात नवरदेव मांडवात येऊन उभा राहिला, तेव्हा ताईबाई आचाऱ्याच्या पातेल्यात नाक घालून उभी होती.

"दूध कुठनं आणलं?"

"तुमच्याच संघाचं हाय की, ताईबाई," आचारी म्हणाला.

"म्हणूनच इचारते."

शिरूरच्या घोड-भीमा दूध संघात ताईबाईला ओळखत नाही असं माणूस नव्हतं, आणि तिच्यावर खूश आहे असंही फारसं कुणी नव्हतं. दुधात पाणी पडलंय का पावडर, हे लॅक्टोमीटर बुडायच्या आधी तिला कळायचं. कॅनच्या पत्र्यावर ती बोटाच्या हाडानं टिचकी मारायची आणि कान लावायची. "भरल्याला कॅन बोलत न्हाई. अर्धा कॅन बोलतो. आन् जो बोलतो त्याच्या पोटात काय तरी लपल्यालं असतंय."

हा तिचा कायदा. गळ्यापर्यंत भरलेला नसेल तो कॅन ती गाडीवर चढूच द्यायची नाही. कारण सरळ होतं. अर्ध्या कॅनमध्ये दूध हिंदकळतं, वाटेत लोणी सुटतं, आणि फॅट कमी आली की जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. शिवाय रिकाम्या जागेत कुणालाही वाटेतल्या हापशाचं पाणी ओतता येतं. दोन कॅन अर्धे असतील तर एक करा, तिचं तेवढंच म्हणणं असायचं.

ही संशयाची विद्या तिला वरवंडच्या संकलन केंद्रावर मिळाली. फुकट नाही मिळाली.

ताईबाई मूळची दौंडची. बाप म्हाळू रेल्वेच्या इंजिन शेडात खलाशी, अंगाला कायम तेलाचा वास. बारावी झाली आणि वरवंडला दूध तपासनीस म्हणून तिला घेतलं. बौद्ध वाड्यातली पोरगी गावभरच्या दुधाची डिग्री बघणार, हे काही जणांना नुसतं ऐकूनच आंबट झालं होतं. एके दिवशी गावातल्या एका बड्या माणसाच्या दुधाची फॅट कमी आली. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "हिचा हात लागला की दूध पातळ व्हतंय बघा." लोक हसले. त्या हसण्यात काय काय होतं ते सगळ्यांना कळलं. पुढं तक्रार गेली, की बाई दुसऱ्यांकडून खाते आणि आमची फॅट कापते. मग शिरूरहून साहेब आले. तिला मधोमध उभं केलं आणि म्हणाले, कर परत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तिनं केलं. नमुन्याची बाटली सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. फॅट तितकीच आली, आधी आली होती तितकीच. चुकलं म्हणायला कुणी पुढं आलं नाही. बडा माणूस कॅन उचलून निघून गेला. ताईबाईनं नळावर हात धुतले आणि त्या दिवशी ठरवलं, दुनिया माझ्यावर संशय घेणारच हाय, तर मीच आधी घेते.

वीस वर्षांत ती शिरूरच्या मुख्य कचेरीत आली. संघात कॉम्प्युटर आले तेव्हा जनरल मॅनेजर मारुतराव म्हणाले, "ह्या डब्यात काय चालतं ते आपल्यात कुणाला कळत नाही. मग निदान कुणावरच विश्वास ठेवत नाही असं माणूस त्याच्यापाशी बसवा." अशी ताईबाई कॉम्प्युटर विभागाची सुपरवायझर झाली. बसल्या बसल्या पहिलं काम तिनं हे केलं, की दूध उतरवायच्या डॉकवरच्या हातानं लिहायच्या पावत्या बंद केल्या. हातानं लिहिलेलं खोडता येतं. वजनकाट्यावर कॅन चढला की मशीननंच पावती काढायची.

पण एकच जुना सर्व्हर, आणि तो दर उन्हाळ्यात मान टाकायचा. शेवटी संघानं नवी यंत्रणा करायचं ठरवलं आणि त्यासाठी एक वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर झिशानला घेतलं. शिरूरच्याच घड्याळवाल्या इनुसभाईंचा मुलगा, पुण्यात इंजिनिअर झालेला. साल दोन हजार पाच.

मीटिंगमध्ये झिशाननं फळ्यावर तीन चौकोन काढले.

"हे तीन सर्व्हर. पहिल्यावर दूध संकलनाचा डेटाबेस. दुसऱ्यावर विक्री आणि हिशेब. तिसरा मोकळा."

"मोकळा म्हंजी?" ताईबाई.

"म्हणजे नुसता उभा. पहिल्या दोघांतलं कुणी पडलं की त्याचं काम हा आपोआप उचलणार. तिघं एका दावणीला बांधलेले. ह्याला क्लस्टर म्हणतात."

"आन् कुणी पडलंच न्हाई तर?"

"तर उभाच राहील."

"पगारी?"

सगळे हसले. झिशानही हसला. तो का हसतोय, म्हणून ताईबाईनं डोळे बारीक केले. "माझ्या डॉकवर एक हमाल नुसता उभा दिसला तर मी त्याला घरी धाडते. ह्या मशीनला कुणाचा वशिला?"

मारुतरावांनी तिसऱ्या चौकोनावर फुली मारायला सांगितली. झिशाननं ती मारली, खडूची बोटं पँटला पुसली आणि म्हणाला, "ठीक आहे. मग मेमरीचं तरी माझं ऐका. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. काम करताना सामान पसरायची जागा. प्रत्येक मशीनला आठ जीबी घेऊ. त्यातले दोन मशीनला स्वतःला. डेटाबेसला तीन. उरलेले तीन रिकामे सोडायचे."

"परत रिकामे?"

"मावशी, आता तिसरा नाही ना. मग एक पडला तर त्याचा डेटाबेस कुठं जाणार? दुसऱ्याच्याच घरात. त्याला जागा नको?"

"कवा तरी पाव्हणा येईल म्हणून वरीसभर अर्ध्या घराला कुलूप?"

"डेटाबेस लई हावरा असतो, मावशी. ताट वाढून दिलं नाही तर दिसेल तेवढं खातो. आणि एकदा खाल्लेलं सहजासहजी सोडत नाही. म्हणून दोघांनाही आधीपासूनच अर्ध्या पोटी ठेवायचं."

"अर्ध्या पोटी कोण राबतंय?" ताईबाई म्हणाली. पण मारुतरावांना जेवायला जायचं होतं, म्हणून तेवढं मंजूर झालं.

मीटिंग उठल्यावर मारुतरावांनी तिला थांबवलं. "ताईबाई, मार्चअखेर ह्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. पुढं ठेवायचा का नाही, ते तुम्ही सांगायचं. नजर ठेवा. काय असतं, ह्या लोकांचं..." आणि त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

अशी अर्धी सोडलेली वाक्यं ताईबाईनं जन्मभर ऐकली होती. फक्त ती तिच्या लोकांबद्दल असायची. तिला ते आवडलं नाही. पण नजर तर ती ठेवणारच होती, साहेबांनी सांगितलं नसतं तरी.

मशिनं आली, खोलीला एसी लागला, आणि हिवाळ्यात कारभार सुरू झाला. झिशान तिला रोज सकाळी दोन्ही मशिनांवर काय बघायचं ते दाखवायचा. ती पडद्यापेक्षा त्याच्या बोटांकडंच जास्त बघायची. दूधवाल्यांच्या बोटांकडं बघायची सवय, दुसरं काय. कुठं उजवं बटण दाबतो, कुठली खिडकी उघडतो, मेमरीचा आकडा कुठं लिहितो, सगळं तिच्या डोळ्यांत बसलं. आणि रोज सकाळी तिला तेच दिसायचं. मेमरी रिकामी. दोन्हीकडं. अर्धा कॅन.

"झिशान, हे रिकामं हाय ते आपलंच हाय ना?"

"आपलंच की."

"मग वापरत का न्हाई?"

"सांगितलं ना, मावशी. पाहुण्यासाठी."

हे उत्तर तो रोज द्यायचा, शब्द न् शब्द हेच. पुन्हा पुन्हा तंतोतंत तेच बोलणारा माणूस ताईबाईच्या मते पाठ करून आलेला असायचा.

घरी तिनं नवऱ्याला विचारलं. संपत रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टला, नुकताच कंपनीच्या बसमधून उतरून पायातले बूट काढत होता.

"आमच्या कंपनीत आग इझवायची गाडी हाय," तो म्हणाला. "अजून एकदा बी आग लागली न्हाई. इकून टाकायची का?"

"तुमच्या कंपनीला पैसा जास्त झालाय."

"आन् तुला संशय जास्त झालाय. त्या पोरानं काय तुझी म्हस पळवली?"

"तुम्ही गप बसा. शर्टाला कसला वास येतोय?"

"ऑइलचा! तुझ्या बापाच्या बी यायचा!"

फेब्रुवारी सरता सरता दौंडच्या शीतकरण केंद्रातली कॉम्प्युटरची लाइन सारखी तुटायला लागली. ती नीट करायला झिशान निघाला. केंद्राची तपासणी राहिलीच होती, म्हणून ताईबाईही जीपमध्ये बसली. न्हावरा गेलं, चौफुला गेला आणि वरवंडला ड्रायव्हरनं चहाला गाडी थांबवली. ताईबाई खाली उतरली नाही. वरवंडचा चहा तिला अजूनही गिळवत नव्हता. खिडकीतून तिनं बघितलं आणि ती ताठ झाली.

हॉटेलच्या बाकड्यापाशी हरिबा उभा होता. हा हरिबा आधी संघाचा एजंट. दुधात पाणी घालताना तिनंच त्याला पकडून हाकलला होता. आता तो एका खाजगी डेअरीसाठी दूध गोळा करायचा आणि संघाचे उत्पादक फोडायचा. आणि त्या हरिबाचा हात झिशानच्या खांद्यावर! हरिबा कानाशी काहीतरी बोलला. झिशान हसला, मान हलवली. मग त्यानं जीपकडं चोरून बघितलं.

तो परत येऊन बसला.

"कोण व्हता?"

"ओळखीचे."

"किती ओळखीचे?"

"चहापुरते."

"चहा कुणी पाजला?"

झिशान खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मावशी, तुम्ही पोलिसांत जायला पाहिजे होतं."

दौंडपर्यंत ताईबाई त्याच्या बोटांकडंच बघत बसली. तिच्या डोक्यात फॅट मोजायचं यंत्र गरगर फिरत होतं आणि वर लोणी गोळा होत होतं. अर्धी मेमरी रिकामी. खाजगी डेअरीचा माणूस. गालातलं हसू. म्हणजे संघाच्या मशिनांची अर्धी जागा ह्यानं त्या डेअरीला देऊन ठेवलीय, भाड्यानं नाहीतर दोस्तीत. आपल्या गोठ्यात दुसऱ्याची म्हस! साहेबांना आत्ताच सांगावं का? पुरावा काय? साहेबांनी ते अर्धं वाक्य पुरं केलं असतं आणि तेवढ्यावर पोराला काढलं असतं. तसं तिला नको होतं. तिला चोर धरायचा होता, कॅनमध्ये हात असताना.

दौंडचं काम लांबणार होतं म्हणून झिशान तिथंच राहिला. ताईबाई शिरूरला परतली, दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनच्या खोलीत गेली, दार ओढून घेतलं आणि खुर्चीवर बसली. उजवं बटण. खिडकी. मेमरी. तिथं तीन हजार बहात्तर होतं, म्हणजे झिशानचे ते तीन जीबी. तिनं ते खोडलं आणि सात हजार लिहिलं. दुसऱ्याचंही तसंच. गळ्यापर्यंत. रिकामी जागाच उरली नाही की चोराची म्हस उपाशी हंबरणार आणि चोर बोंबलत येणार.

चोर काही आला नाही. उलट डॉकवर पावत्या भराभरा निघायला लागल्या. हमाल म्हणाले, "मशीन आज खुशीत दिसतंय." ताईबाईनं पडद्याकडं बघितलं. रिकामी जागा रोज आटत होती, डेटाबेस चरत होते. "बघितलं? पोटभर घातलं की राबतंय," ती पुटपुटली. तिचा संशय आता खात्रीवर आला होता. जास्तीची मेमरी चालते, तरी ह्यानं दिली नाही, म्हणजे ती दुसऱ्या कुणासाठी होती. महिनाअखेरीला साहेबांना काय सांगायचं ते तिनं मनात जुळवूनसुद्धा ठेवलं.

आणि मार्चच्या भर उन्हात एका सकाळी लोडशेडिंगनं वीज गेली. जनरेटर धडधडला. खोलीतून फट्‌ असा आवाज आला आणि जळक्या वायरचा वास सुटला. पहिलं मशीन काळं पडलं.

डॉकवर पावती थांबली. मग, झिशान म्हणाला होता अगदी तसंच, पहिल्याचं काम आपोआप दुसऱ्यावर गेलं. एक पावती निघाली. हमालांनी "हां!" केलं. दुसरी पावती अर्धी निघून अडकली. त्यानंतर काहीच नाही. पडद्यावरचा बाण चिखलात रुतलेल्या रेड्यासारखा जागचा हलेना. विक्री थांबली, हिशेब थांबला, दौंड थांबलं, वरवंड थांबलं. गाड्यांवर गाड्या येऊन लागल्या आणि कॅन उन्हात तापायला लागले.

"हातानं पावत्या फाडा!" मारुतराव ओरडले.

"पावतीपुस्तकं कुठंयत? ताईबाईंनी जाळायला लावली," एक हमाल म्हणाला.

ती ताईबाईनंच जाळायला लावली होती. खोडाखोड होऊ नये म्हणून.

झिशान अजून दौंडलाच लाइन जोडत बसला होता; मारुतरावांनी मशीनच्या खोलीतूनच तिथं फोन लावला आणि स्पीकरचं बटण दाबलं. खोलीत डॉकवरचे चार-सहा जण घुसले होते.

"झिशान! पहिलं मशीन जळलं, आणि तुझ्या त्या क्लस्टरनं मान टाकली इथं!"

"सर, पहिलं मशीन जळलं तरी दुसऱ्यानं ओढायला पाहिजे. मी इथून बघतोय, पण लाइन घेत नाही. मावशी आहेत का? मावशी, दुसऱ्यावर मेमरी किती मोकळी दिसते?"

ताईबाईनं पडद्यावर बोट ठेवलं. "काहीच न्हाई."

"असं कसं? तीन आणि तीन सहा, वर दोन. बरोबर बसायला पाहिजे. डेटाबेसचा आकडा बघा बरं जरा."

तिला बघायची गरज नव्हती. "सात हजार."

"कुणाचा?"

"दोघांचा."

फोनमधून दौंड स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा भोंगा तेवढा ऐकू आला. मग झिशान बोलला, पण तिच्याशी नाही, स्वतःशीच. "म्हणजे आधीच्यानं सगळं खाऊन ठेवलंय, आणि हा पाहुणा उंबऱ्यात अडकला... पण सात हजार कुठून आलं? टेस्टिंगला मी वाढवलं होतं का? आणि परत कमी करायचं राहिलं? नाही... का राहिलं? सर, माझ्याच हातनं राहिलं असेल."

ताईबाई फोनकडं बघत राहिली. हा पोरगा दुसऱ्या कुणावर संशय घेतच नव्हता. सवयीनं स्वतःवरच घेत होता. वरवंडला बाटली धरून उभी असताना तिलासुद्धा एक क्षण वाटून गेलं होतं, की माझ्याच हाताचं काही असेल का.

"बघा!" मारुतराव सगळ्यांकडं वळले. "स्वतःच्या तोंडानं म्हणतोय. मी ताईबाईंना तेव्हाच म्हणलो होतो, ह्या लोकांचं..."

"साहेब, मी केलंय."

"काय केलंय?"

"सात हजार. मी केलं. तो दौंडला गेला तवा."

मारुतरावांनी तिच्याकडं बघितलं आणि चक्क हसले. "ताईबाई, पाठीशी घालू नका त्याला. तुम्हाला कीव येते, मला कळतंय. पण तुम्हाला मॉनिटर चालू-बंद करण्यापलीकडं काय येतंय ह्यातलं?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. तेच हसू. वरवंडचं. इतक्या वर्षांत त्याचा आवाजसुद्धा बदलला नव्हता. तेव्हा खोटं नाही म्हणून सिद्ध करून दाखवायचं होतं. आता खोटं केलंय म्हणाली तरी कुणी खरं धरीना. गुन्हा करायचीसुद्धा हिची लायकी नाही, असं ते हसू म्हणत होतं.

ताईबाईनं खुर्ची ओढली. "या हिकडं सगळे. डोळ्यांदेखत करते. मागल्यांनी बी पुढं या, दात काढणाऱ्यांनी तर आधी या."

ती बसली. बाण हळूहळू सरकत होता. तिनं उजवं बटण दाबलं आणि वाट बघितली. बाहेर एक ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच उभा होता. खिडकी उघडायला इतका वेळ लागला की कुणीतरी म्हणालं, "बंद पडलं." "बंद न्हाई, दम लागलाय त्याला," ताईबाई म्हणाली. खिडकी उघडली.

"हितं. हितं पहिल्यांदा तीन हजार बहात्तर व्हतं. मी खोडलं आन् सात हजार लिवलं. ह्याच बोटानं. आन् मग हितं दाबलं." तिनं खोडलं आणि तीन हजार बहात्तर लिहिलं. "आता दुसऱ्याचं. ते ह्या बाजूला हाय. बरोबर का, झिशान?"

फोनमधून आवाज आला, "बरोबर, मावशी. आता ओके दाबा."

तिनं दाबलं. काही झालं नाही.

"झालं?" मारुतराव.

"थांबा, सर," झिशान म्हणाला. "खाल्लेलं सोडायला वेळ लागतो त्याला."

सगळे उभे. एसीचा घरघराट आणि बाहेरचा हॉर्न. ताईबाईला आठवलं, फॅटचं यंत्र थांबेपर्यंत वरवंडलाही असेच सगळे माना पुढं काढून उभे होते. मग पडद्यावर रिकामी जागा जराशी वाढली. आणखी जराशी. डॉकवरून छापायचं मशीन कुरकुरलं आणि कुणीतरी ओरडलं, "निघाली! पावती निघाली!"

लोक धावले. मारुतराव मात्र तिथंच राहिले. त्यांचं हसू आता उतरलं होतं. "म्हणजे खरंच तुम्ही... का पण?"

"मला वाटलं चोर हाय."

"कोण?"

ताईबाईनं फोनकडं बोट केलं. तो अजून चालूच होता. "तुम्ही ज्याच्यावरचं वाक्य अर्धं सोडता, त्योच. तुमचं कारण येगळं, माझं येगळं. पण गाडी एकाच स्टेशनात गेली."

फोनमध्ये पुन्हा एक भोंगा वाजला आणि लाइन कट झाली.

कडेच्या गाडीतले काही कॅन नासलेच. ताईबाईनं ते स्वतःच्या हातानं ओतून दिले. नासलेल्या दुधाचा हिशेबही तिनं आपल्या नावावर लावून घेतला आणि मशीनचा पासवर्ड मारुतरावांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

संध्याकाळी झिशान दौंडहून आला, नवा पॉवर सप्लाय पिशवीत घेऊन. त्यानं पहिल्या मशीनचा पत्रा काढला. ताईबाई दारात उभी राहिली. आत येऊ का, हे आयुष्यात पहिल्यांदाच तिला विचारावंसं वाटलं.

"का केलं, मावशी?"

"चोर धरायचा व्हता."

"घावला?"

"घावला की."

झिशानला हसू आवरेना. हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधता शोधता, टेबलाखालूनच तो म्हणाला, "एकदा विचारायचं तरी होतं."

"इचारलं की. तू दरवेळी तेच सांगायचास."

"कारण ते तेच होतं!"

ताईबाई उंबरा ओलांडून आत आली. मग न राहवून म्हणाली, "आन् त्यो हरिबा?"

"नोकरी देतोय त्याच्या डेअरीत. कायमची. मी नाही म्हणलो."

"का?"

"अहो, ही मशिनं मी उभी केली. एक उन्हाळा तरी बघू द्या." स्क्रू सापडला. "तुम्हाला सांगणार होतो. पण तुम्ही जीपमधून अशा बघत होतात, की बोललो असतो तर पुढच्या स्टॉपला उतरवलं असतं मला."

ताईबाई वळली आणि तडक मारुतरावांच्या केबिनमध्ये गेली. "साहेब, तुम्ही इचारलं व्हतं ठेवायचा का न्हाई. ठेवा. एका वर्षावर न्हाई, कायम. आन् मी खोडलेलं ते तिसरं मशीन घ्या."

मारुतरावांनी चष्मा काढला. "आज सकाळच्या प्रकारानंतर तुमचा शब्द धरायचा कसा?"

"नका धरू. हरिबाला इचारा. त्यो त्याला न्यायला टपून बसलाय. माणूस कामाचा नसता तर त्या लबाडानं चहा पाजला असता का?"

मारुतरावांनी चष्मा परत लावला. त्यांनी कॉन्ट्रॅक्टचा कागद पुढं ओढला, आणि ह्या खेपेला वाक्य पूर्ण केलं. "उद्या त्याला माझ्याकडं पाठवा. तिसऱ्या मशीनचं काय ते तोच फळ्यावर काढून सांगेल."

ती परत आली तेव्हा पहिलं मशीन चालू झालं होतं आणि पाहुणा आपल्या घरी परतला होता. दोन्ही पडद्यांवर जागा पुन्हा रिकामी. ताईबाईनं सवयीनं दुसऱ्या मशीनच्या पत्र्यावर टिचकी मारली आणि कान लावला.

"काय म्हणतंय?" झिशाननं विचारलं.

"बोलतंय."

"मग?"

"मग काय. बोलू दे." तिनं पदर खोचला, निघाली, आणि दारातून परत फिरली. "चहा त्या हरिबानंच पाजला ना? का तू पाजलास?"